सरावाचे उड्डाण आणि कॅमेरा : पूर्व जर्मनीतील लष्करी संपर्क-मंडळे, १९४६–१९९०

लढाऊ विमान धावपट्टी सोडून वर चढते, तेव्हा ते सरावाला निघाले आहे की लढाईला, हे त्याच्या आकृतीवरून सांगता येत नाही. वैमानिक तोच, इंधन तेच, आणि पुष्कळदा पंखांखालची शस्त्रेही तीच. भेद असतो तो आज्ञेत. आणि आज्ञा बाहेरच्या माणसाला दिसत नाही. शीतयुद्धाच्या काळात युरोपातील दोन्ही सैन्यगटांना ज्या प्रश्नाने चाळीस वर्षे अस्वस्थ ठेवले, तो नेमका हा होता. समोरची विमाने रोजच्या सरावासाठी उडत आहेत, की आक्रमणाची पूर्वतयारी चालली आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक मार्ग अगदी साधा होता. विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहावे आणि निघणाऱ्या प्रत्येक विमानाचे छायाचित्र घ्यावे. हेरगिरीच्या इतिहासग्रंथांत ह्या मार्गाला मानाचे स्थान मिळालेले नाही. उपग्रह, संकेतभंजन आणि फितूर अधिकारी ह्यांच्या कथांपुढे तो फिका वाटतो, हे खरे. तथापि पूर्व जर्मनीत हे काम ४४ वर्षे चालले, उघडपणे चालले, आणि ज्यांची विमाने टिपली जात होती त्यांच्याच लेखी संमतीने चालले. ही गोष्ट इतकी अपवादात्मक आहे की तिचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

त्यापूर्वी एका मुद्द्याची फोड करणे अवश्य आहे. विमानाच्या छायाचित्रात गुप्त असे काय असते? विमान आकाशात उडते. ते शेतकऱ्यालाही दिसते आणि शाळकरी मुलालाही. एकट्या छायाचित्रात बहुधा काहीच गुपित नसते. गुपित असते ते मालिकेत. आणि मालिका जुळविण्याचा दोरा म्हणजे विमानावर रंगविलेला क्रमांक. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांवरील अनुक्रमांकांवरून जर्मनीच्या उत्पादनाचे अनुमान केले. ऑगस्ट १९४२ साठी त्यांचे अनुमान दरमहा ३२७ रणगाड्यांचे होते. नेहमीच्या गुप्तवार्ता-खात्याचा अंदाज १,५५० चा होता. आणि युद्धानंतर उपलब्ध झालेल्या जर्मन दप्तरात प्रत्यक्ष आकडा ३४२ निघाला. ब्रिटिशांना ह्या धोक्याची जाणीव आधीपासूनच होती. म्हणून त्यांनी १९३७ पासून आपल्या लष्करी विमानांना क्रमांक देताना मधले गट मुद्दाम वगळण्यास आरंभ केला. शत्रूने क्रमांक टिपले तरी त्यांवरून विमानांची एकूण संख्या त्याला काढता येऊ नये, हा हेतू.

क्रमांक न टिपता केवळ मोजणी केली तर काय होते, ह्याचेही उदाहरण आहे. जुलै १९५५ मध्ये मॉस्को येथील विमानदिनाच्या निमित्ताने नव्या सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांचे ताफे परदेशी लष्करी प्रतिनिधींच्या डोक्यावरून गेले. तीच विमाने दृष्टीआड वळसा घेऊन पुन्हा आणली गेली असावीत, असे पुढे मानले गेले. पाहणाऱ्यांनी ती दोनदा मोजली. अमेरिकेत ‘बॉम्बफेकी विमानांच्या तुटी’चा जो गाजावाजा झाला, त्याला ह्या मोजणीचा हातभार लागला. जुलै १९५६ मध्ये यू-२ विमानांनी सोव्हिएत तळांची छायाचित्रे आणली, तेव्हा त्या भीतीचा पाया डळमळीत झाला. डोळ्याने पाहणे आणि नोंद ठेवून पाहणे ह्यांत केवढे अंतर आहे, हे ह्यावरून ध्यानात येते.

आता मूळ विषय. १६ सप्टेंबर १९४६ रोजी ब्रिटिश उपसेनाशासक लेफ्टनंट जनरल ब्रायन रॉबर्टसन आणि सोव्हिएत व्याप्त-सेनेचे प्रमुख कर्मचारी-अधिकारी कर्नल जनरल मिखाईल मालिनिन ह्यांच्यात एक करार झाला. जर्मनीचे चार व्याप्त विभाग पडले होते. त्यांतील सेनापतींना परस्परांशी संपर्क ठेवता यावा, म्हणून दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या विभागात संपर्क-मंडळे नेमावीत, असे ठरले. ब्रिटिश मंडळाला ३१ प्रवेशपत्रे मिळाली. एप्रिल १९४७ मध्ये अमेरिकेशी आणि फ्रान्सशी तसेच करार झाले. त्यांच्या वाट्याला अनुक्रमे १४ आणि १८ प्रवेशपत्रे आली. सोव्हिएत मंडळेही पश्चिम जर्मनीत ब्यूंडे, फ्रँकफर्ट आणि बाडेन-बाडेन येथे राहिली व त्यांनीही पुढे तोच उद्योग केला. करारामागचा हेतू व्याप्त प्रदेशातील दैनंदिन कामकाजाचा होता : हरवलेले सैनिक, कबरींची व्यवस्था, निर्वासितांचे प्रश्न. परंतु मंडळांच्या सभासदांना निषिद्ध क्षेत्रे वगळून विभागात फिरण्याची मोकळीक करारात होती, आणि ह्या एका तरतुदीनेच पुढचा सर्व इतिहास घडविला.

दोन वर्षांत बर्लिनची नाकेबंदी झाली, १९४९ मध्ये दोन जर्मन राज्ये जन्माला आली, १९६१ मध्ये भिंत उभी राहिली. हे करार मात्र कोणी रद्द केले नाहीत. कारण उघड आहे. रद्द करावयाचे तर आपल्या मंडळालाही परत बोलवावे लागले असते. शिवाय करार सोव्हिएत सेनेशी होता, पूर्व जर्मन शासनाशी नव्हता. त्यामुळे पूर्व जर्मन पोलिसांचा अधिकार ही मंडळे मानीत नसत. गाडी अडविली गेली की काचा वर करून, दारे लावून, सोव्हिएत अधिकारी येईपर्यंत आत बसून राहावयाचे, असा शिरस्ता पडला होता. कायद्याचा इतका काटेकोर आणि इतका विलक्षण उपयोग आधुनिक काळात क्वचितच झाला असेल.

मंडळांची निवासस्थाने पॉट्सडॅम येथे होती; खरे काम पश्चिम बर्लिनमधून चाले. ग्लीनिके पुलावरून गाडी पलीकडे जाई. गाडीत बहुधा तिघे : एक अधिकारी, एक हवालदार आणि चालक. अंगावर गणवेश असे, शस्त्र नसे, आणि गाडीवर मंडळाची ठळक पाटी असे. पाठीमागे पूर्व जर्मन गुप्त पोलिसांची गाडी ठरलेलीच. तिला चुकवून रानवाटांनी धावपट्टीच्या टोकाजवळ पोहोचावयाचे आणि झाडीत थांबावयाचे. जागेची निवड मनमानी नव्हती. उड्डाण करणारे विमान टोकावरून जाताना अजून खाली असते, त्याची चाके आत ओढली जात असतात, आणि पोटाकडची बाजू काही सेकंद पूर्ण दिसते. त्या काही सेकंदांत लांब भिंगाच्या कॅमेऱ्याने जे टिपले जाई, त्यात शस्त्रे अडकविण्याचे खांब, इंधनाच्या जादा टाक्या, सरावाचे बॉम्ब की खरे, नव्या एरिअलचा एखादा उंचवटा, हे सारे येई. आणि नाकाजवळचा दोन आकडी क्रमांक. सोव्हिएत लढाऊ विमानांवर हा क्रमांक तांबड्या, निळ्या, पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगात असे. रंग आणि आकडा ह्यांची सांगड घालीत गेले की विमान कोणत्या रेजिमेंटचे, त्या रेजिमेंटपाशी किती विमाने, त्यांतील किती उडण्याच्या स्थितीत आहेत, ह्याचा हिशेब हळूहळू लागे. व्हेर्नॉयखेन, फिनो, त्सेर्ब्स्ट, आल्टेस लागर, ग्रोसेनहाइन ही नावे सामान्य वाचकाला अपरिचित असतील. मंडळांच्या दप्तरांत ती ठायी ठायी येतात.

आकाशातूनही हे काम होई. बर्लिनभोवतीच्या हवाई नियंत्रण-क्षेत्रात, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात, चारही सत्तांच्या विमानांना उडण्याचा हक्क होता. ब्रिटिशांनी गाटो विमानतळावर चिपमंक जातीची दोन लहान शिकाऊ विमाने ठेवली होती. हक्क शाबूत राखण्यासाठी ती उडत, असे कारण दिले जाई, आणि ते खोटेही नव्हते. मात्र मागच्या आसनावरील माणसाच्या हाती कॅमेरा असे. शिकाऊ विमानातून दुसऱ्याच्या सरावाची छायाचित्रे घ्यावयाची, हा योग गंमतीचा खरा.

ह्या सर्व खटाटोपातून मिळत होते ते काय? नव्या यंत्राचे पहिले छायाचित्र मिळाले की त्याचा बोलबाला होई. परंतु मंडळांचे खरे धन ते नव्हते. खरे धन म्हणजे नेहमीपणाची नोंद. सोमवारी कोणत्या तळावरून किती विमाने उडतात, विट्स्टॉकजवळच्या बॉम्बफेकीच्या मैदानाकडे कोणती रेजिमेंट कोणत्या महिन्यात जाते, रात्रीची उड्डाणे केव्हा वाढतात, नव्या वैमानिकांची तुकडी आली की सरावाचा क्रम कसा बदलतो, हे वर्षानुवर्षे टिपले गेल्यामुळे ‘नेहमीचे’ म्हणजे काय, हे ठरविता आले. नेहमीचे काय ते ठाऊक असेल, तरच वेगळे काय ते ओळखू येते. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी निषिद्ध क्षेत्रांचे नकाशे मंडळांना दिले होते. मोठा युद्धसराव असला म्हणजे आणखी काही भाग तात्पुरता बंद केला जाई. ह्या तात्पुरत्या बंदीची सूचनाच मंडळांना सरावाची पहिली वार्ता देई. दार लावल्याचा आवाज दाराबाहेर ऐकू जातो, तसा हा प्रकार.

ह्या पद्धतीची मर्यादा १९६८ मध्ये दिसून आली, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. त्या वर्षीच्या जूनमध्ये चेकोस्लोव्हाकियात ‘शुमावा’ नावाचा वॉर्सा-करार राष्ट्रांचा युद्धसराव सुरू झाला. सराव संपल्याचे जाहीर झाल्यावरही सोव्हिएत तुकड्या रेंगाळत राहिल्या. जुलै-ऑगस्टमध्ये पिछाडीच्या पुरवठ्याचा ‘नेमन’ नावाचा दुसरा मोठा सराव झाला. पूर्व जर्मनीतील सोव्हिएत सेना दक्षिणेकडे सरकल्या. सैन्य हलत होते, हे कोणापासूनच लपलेले नव्हते. तरी २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत वाहतूक-विमाने प्राग येथील रुझिन्ये विमानतळावर उतरू लागली, तेव्हा पाश्चात्त्य राजधान्या वेळेच्या बाबतीत गाफील सापडल्या. सराव हेच आक्रमणाचे पांघरूण झाले होते. सामर्थ्य दिसत होते, संकल्प दिसत नव्हता. नोव्हेंबर १९८० च्या अखेरीस पोलंडच्या सीमेलगतचा प्रदेश मंडळांना बंद करण्यात आला, तेव्हा १९६८ ची आठवण सर्वांना झाली; त्या वेळी आक्रमण झाले नाही. एकसारखी लक्षणे, भिन्न परिणाम! छायाचित्रांच्या पुराव्यावर विसंबणाऱ्या इतिहासकाराने ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

१९८३ च्या शरद्ऋतूत पारडे उलटे फिरले. नोव्हेंबरमध्ये नाटो राष्ट्रांनी ‘एबल आर्चर’ हा अण्वस्त्रवापराच्या आज्ञाप्रणालीचा सराव केला. ह्या सरावाआड खराच हल्ला दडलेला असावा, अशी शंका ह्या खेपेस सोव्हिएत बाजूला आली. अमेरिकी अध्यक्षांच्या गुप्तवार्ता-सल्लागार मंडळाचा १९९० चा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक लक्षणीय नोंद आहे. ४ ते १० नोव्हेंबर ह्या काळात, टेहळणीची उड्डाणे वगळता, सोव्हिएत सेनेने आपली सर्व लष्करी उड्डाणे थांबविली होती, आणि शक्य तितकी विमाने लढाईसाठी हाताशी असावीत हा त्याचा संभाव्य हेतू होता. म्हणजे त्या आठवड्यात भयसूचक गोष्ट होती ती सरावाला निघालेली विमाने नव्हे, तर न निघालेली विमाने. धावपट्टीवरची अशी शांतता वाचता येते ती केवळ त्यालाच, ज्याने गजबजलेल्या दिवसांची नोंद ठेवलेली असते.

ह्या कामाची किंमत माणसांनी मोजली, हेही सांगावयास हवे. पाठलाग, मुद्दाम घडविलेल्या धडका, तासन्तास अटक ह्या गोष्टी नित्याच्या होत्या. २२ मार्च १९८४ रोजी हाल्ले शहराजवळ पूर्व जर्मन लष्कराच्या जड मोटारीने फ्रेंच मंडळाच्या गाडीला जाणूनबुजून धडक दिली आणि तीत फिलिप मारियोती हा फ्रेंच सैनिक मरण पावला. पुढच्याच वर्षी, २४ मार्च १९८५ रोजी, लुडविग्सलुस्ट येथे अमेरिकी मंडळाचे मेजर आर्थर निकल्सन रणगाड्यांच्या छपरीची छायाचित्रे घेत असता सोव्हिएत पहारेकऱ्याने गोळी झाडली. त्यांच्या सहकाऱ्याला त्यांच्याजवळ जाऊ दिले गेले नाही, आणि वेळेवर उपचार न मिळता ते तेथेच मरण पावले. जागा निषिद्ध होती, असे सोव्हिएत बाजूचे म्हणणे. ती तशी नव्हती, असे अमेरिकेचे. १९८८ मध्ये सोव्हिएत संरक्षणमंत्री याझोव ह्यांनी ह्या मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, निकल्सन ह्यांच्या मृत्यूनंतरही कोणत्याच बाजूने करार मोडला नाही. परस्परांना पाहू देण्यात दोघांचेही हित आहे, ही समजूत इतकी खोल रुजली होती.

ह्याच समजुतीला उघड आंतरराष्ट्रीय कायद्याचे रूप आले, ते वेगळ्या वाटेने. १९७५ च्या हेलसिंकी कराराने २५,००० हून अधिक सैनिकांच्या युद्धसरावाची सूचना २१ दिवस आधी देण्याचे ठरविले. १९८६ च्या स्टॉकहोम दस्तऐवजाने ती मर्यादा १३,००० सैनिकांवर आणली, मुदत ४२ दिवसांची केली, आणि सरावात विमानांची २०० किंवा अधिक उड्डाणे व्हावयाची असतील तर हवाई दलाचा सहभागही सूचनेत यावा, असे घातले. १७,००० हून अधिक सैनिक असतील तर परराष्ट्रीय निरीक्षकांना बोलावणे बंधनकारक झाले. धावपट्टीच्या टोकावर झाडीत दबा धरून जे पाहावयाचे, ते आता निमंत्रणाने पाहता येऊ लागले. संपर्क-मंडळांच्या अनुभवातूनच ही कलमे आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच होता.

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका नाही. १९८६-८७ मध्ये राजस्थानात झालेल्या ‘ब्रासटॅक्स’ ह्या प्रचंड युद्धसरावाने भारत आणि पाकिस्तान ह्यांना युद्धाच्या उंबरठ्याशी नेले होते. पलीकडच्यांना तो सराव सराव वाटेना. त्यानंतर ६ एप्रिल १९९१ रोजी नवी दिल्ली येथे दोन करार झाले. एकाने युद्धसराव व सैन्याच्या हालचाली ह्यांची पूर्वसूचना परस्परांना देण्याचे मान्य झाले. दुसऱ्याने लढाऊ विमाने एकमेकांच्या हवाई हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत उडवू नयेत, असे ठरले. सूचनेचा हक्क मिळाला; कुंपणाशी उभे राहून खातरजमा करण्याचा हक्क मात्र ह्या उपखंडात कोणी कोणाला दिला नाही.

जर्मनीच्या एकीकरणाबरोबर, ऑक्टोबर १९९० मध्ये, ही मंडळे विसर्जित झाली. ३१ ऑगस्ट १९९४ पर्यंत रशियन सेना जर्मनीतून परत गेल्या. पुढच्या काळात विमानांच्या छायाचित्रणाचे काम मुख्यत्वे हौशी नागरिकांकडे आले, आणि कराराचे कवच नसलेल्या माणसाची स्थिती काय होते, हे त्यांच्या वाट्याला आलेल्या अनुभवांवरून कळते. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे हवाई दलाचा खुला दिवस पाहावयास गेलेल्या १२ ब्रिटिश आणि २ डच हौशी निरीक्षकांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. पाच आठवड्यांहून अधिक काळ ते तुरुंगात होते. ह्या खटल्यात कॅमेऱ्यापेक्षा विमानांचे क्रमांक लिहिलेल्या वह्यांचाच गवगवा अधिक झाला. हे विसंगत नाही. ब्रिटनच्या १९११ च्या आणि भारताच्या १९२३ च्या शासकीय गुपितांविषयीच्या कायद्यांतही रेखाचित्र, टिपण आणि छायाचित्र ह्यांना एकाच पंगतीला बसविलेले आहे. एप्रिल २००२ मध्ये आठजणांना तीन वर्षांची आणि सहाजणांना एक वर्षाची स्थगित शिक्षा झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात सर्वजण निर्दोष सुटले. जी माहिती छापील पुस्तकांत कोणालाही मिळू शकते, ती वहीत लिहिल्याने गुपित कशी होते, हा प्रश्न त्या खटल्याने उभा केला. त्याचे सरळ उत्तर असे की छापील पुस्तक जुने असते आणि वही आजची असते. न्यायदृष्ट्या आरोप टिकला नाही हे योग्यच झाले. परंतु ग्रीक सैन्याधिकाऱ्यांच्या संशयाला केवळ अडाणीपणा म्हणून हसणाऱ्या ब्रिटिश वृत्तपत्रांनी आपल्याच देशाच्या संपर्क-मंडळाचा इतिहास आठवावयास हवा होता.

१९९२ च्या ‘खुल्या आकाशा’च्या कराराने राष्ट्रांना एकमेकांच्या प्रदेशावरून निःशस्त्र टेहळणी-विमाने नेण्याचा हक्क दिला. २००२ मध्ये तो अंमलात आला. अमेरिका नोव्हेंबर २०२० मध्ये त्यातून बाहेर पडली, रशिया डिसेंबर २०२१ मध्ये. १० फेब्रुवारी २०२२ रोजी रशिया आणि बेलारूस ह्यांचा संयुक्त युद्धसराव बेलारूसमध्ये सुरू झाला. तो २० फेब्रुवारीला संपावयाचा होता. त्या दिवशी तो लांबविण्यात आला, आणि २४ फेब्रुवारीला ह्याच भूमीवरून युक्रेनवर आक्रमण झाले. लुनिनेत्स विमानतळावर उभी असलेली सुखोई-२५ विमाने खाजगी उपग्रहांच्या छायाचित्रांत त्यापूर्वीच जगाने पाहिली होती. युद्ध सुरू झाल्यावर बेलारूसमधील तळांवरून कोणते विमान केव्हा उडाले, ह्याच्या नोंदी सामान्य नागरिकांच्या मदतीने ‘बेलारुस्की हायून’ हा उपक्रम प्रसिद्ध करू लागला. बेलारूसच्या शासनाने त्याला अतिरेकी ठरविले, आणि घराच्या खिडकीतून घेतलेली छायाचित्रे पाठविणाऱ्या नागरिकांवर खटले भरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ह्या उपक्रमाच्या संदेशयंत्रणेत शिरकाव झाला आणि तो बंद पडला. माहिती पाठविणाऱ्यांची धरपकड त्यानंतरही चालू राहिली.